हौसाची चाळण खाडीत उतरली

मी चाळण बोलतेय. पीठ चाळायची, गोल, पितळी जाळीची. आता चाळणीकडे सांगण्यासारखं काय असणार, हिच्यात तर काही टिकतच नाही, असं वाटून कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसा. चाळणीत पाणी भरायची थट्टा मी जन्मापासून ऐकत आलेय. एवढंच म्हणते, आधी गोष्ट ऐका आणि मग हसा, म्हणजे माझ्याबरोबर हसाल.

माझा जन्म पनवेलच्या बाजारातला. एक म्हातारे कारागीर पत्र्याचं कडं वळवायचे, त्यात पितळेची बारीक जाळी ताणून बसवायचे आणि खालच्या बाजूनं पत्रा आत दुमडून घ्यायचे, म्हणजे जाळी सुटत नाही. ही खालची दुमड जरा लक्षात ठेवा हं. पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं.

मला विकत घेतलं हौसानं. तेव्हा ती करंजाड्यात नवी नवरी म्हणून आली होती. भांड्यांच्या दुकानात ती एकेक चाळण उचलायची, उन्हाकडे धरायची आणि एक डोळा मिटून जाळीतून आरपार बघायची. दुकानदार वैतागला. म्हणाला, "अहो ताई, चाळण घेताय का दुर्बीण?"

"जाळी वाकडी असली तर पीठ भरभरीत पडतं," हौसा म्हणाली. "भाकरी तुमी थापणार हाय का मी?"

दुकानदारानं हातच जोडले. मी मात्र मनातून फुलून गेले. एवढ्या चाळणींतून मला निवडलं ना! वर तिनं माझ्या कड्यावर स्वतःचं नाव घालून घेतलं. दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या माणसानं टोचणीवर हातोडी मारत ठक ठक ठक केलं आणि बारीक टिंबांनी 'हौसा' असं लिहिलं. दुखलं थोडं, पण नाव मिळायचं तर तेवढं सोसावंच लागतं.

हौसाचा हात तुम्ही बघायला हवा होता. चाळण दोन्ही हातांनी गच्च धरून गदगदा हलवणाऱ्या बायका मी खूप बघितल्या. अंगभर पीठ उडतं, कोंडाही खाली जातो. हौसाचं तसं नाही. डावा हात खालून, उजव्याचा तळवा कडेला, आणि नुसत्या मनगटातून झोका. खांदा हलायचा नाही. हातभर हिरव्या बांगड्या असायच्या, पण त्यातली एक वाजायची नाही. "बांगडी वाजली म्हंजे हात चुकला," असं ती म्हणायची. आणि शेवटी, जाळीवर कोंडा उरला की, माझ्या कड्यावर तळव्याची एक थाप. उरलंसुरलं पीठ खाली.

आसपासच्या गावांत कुणाकडे हळद असली की वड्यांचं पीठ चाळायला हौसाला बोलावणं ठरलेलं. आमच्याकडे हळदीला वडे आणि मटण नसेल तर ती हळद कसली? आणि वडा म्हटला की हौसाचं पीठ. तिलाही त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. भर मांडवात म्हणायची, "माझ्या पिठात खडा काढून दाखवा, म्हैस देते!" इतक्या वर्षांत म्हैस कुणाला मिळाली नाही.

मग दिवस पालटले. शेतं गेली, त्यांच्या जागी रस्ते आणि इमारती आल्या. हौसाचा मुलगा परेश रेती-विटांच्या धंद्यात पडला, त्यानं वाट्याला आलेल्या जागेवर चार मजली घर बांधलं. सून रोशनी आली. पोरगी गुणाची, पण दुकानातून पिठाची पिशवी आणायची आणि तिच्याबरोबर फुकट मिळालेली प्लास्टिकची चाळण वापरायची. प्लास्टिकची! मी नाक मुरडलं, पण मला विचारतो कोण? हौसानं मला धुतलेल्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं आणि फक्त हळदीच्या पिठापुरतं खाली काढायचं ठरवलं. माळ्यावर माझ्या सोबतीला एक फुटका कुकर होता. तो दिवसभर जुन्या शिट्ट्यांच्या आठवणी सांगायचा. अगदी जीव नकोसा केला मेल्यानं.

अशात एका रविवारी सकाळी फडकं सुटलं आणि वर मनस्वीचं तोंड दिसलं.

मनस्वी म्हणजे परेशची लेक, नववीतली. लहानपणी हौसा पीठ चाळायला बसली की ही शेजारी बसून पिठात बोटानं चित्रं काढायची. आता उंच झाली होती. तिनं मला उन्हाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि आरपार बघितलं. "मस्त बारीक आहे," म्हणाली आणि पिशवीत टाकून निघाली. मला वाटलं, चला, कुणाच्या तरी हळदीचं बोलावणं आलं.

कसली हळद! पिशवीतून बाहेर काढलं तर समोर खाडी. गाढी नदी खाडीला मिळते ना, तिथला काळा चिखल ओहोटीनं उघडा पडला होता, तिवरांच्या झुडपांच्या कडेला बगळे उभे होते आणि गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या एक बाई दहा-बारा मुलांना हाका मारत होत्या. त्या रिवका मॅडम. रिवका पेणकर, पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली घरातल्या. शनिवारी त्यांचा शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा वार, म्हणून त्यांची चिखलाची शाळा रविवारी भरायची. आयुष्यभर त्यांनी प्रयोगशाळेत आणि खाडीत नोकरी केली होती. आता निवृत्त झाल्यावर शाळेशाळेत जाऊन मुलं गोळा करायच्या आणि म्हणायच्या, "विज्ञान फळ्यावर पुरे झालं, आता जरा पाय मळवा. येताना घरातली एखादी जुनी चाळण आणा. जाळी पिठाची हवी, बारीक. मोठ्या भोकांतून जे बघायचंय तेच निसटतं."

जुनी चाळण! ऐकलंत? मी जुनी!

पुढचं सांगताना अजून अंगावर काटा येतो. मनस्वीनं फावड्यानं चिखलाचा गोळा उचलला आणि थप्पकन माझ्या जाळीवर टाकला. तांदळाच्या पिठाशिवाय ज्या जाळीला काही शिवलं नव्हतं, तिच्यावर खाडीचा काळा चिखल! मी किंचाळले. पण चाळणीची किंकाळी ऐकतो कोण? मग तिनं मला पाण्यात धरलं आणि हळूहळू झोके दिले. चिखल ढगासारखा विरघळत खाली गेला. आणि जाळीवर काय उरलं म्हणता?

जीव उरले हो! केसांसारखे बारीक पाय असलेले लाल किडे. नखाएवढं चिंबोरीचं पिल्लू, तेही माझ्यावरच नांगी उगारून उभं. तांदळाच्या कणीएवढे शंख, वळ्यावळ्यांचे. जन्मभर मी जे अडवलं तो कोंडा होता, खडे होते, फेकून द्यायच्या वस्तू. पहिल्यांदाच जे अडलं त्याच्याकडे सगळे डोळे विस्फारून बघत होते. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

मुलं भिंगातून बघायची, कुठला जीव किती मिळाला ते मॅडमना सांगायची आणि सगळ्यांना परत चिखलात सोडायची. एकदा एका मुलानं विचारलं, "मॅडम, तुम्हाला खरंच ह्या कामाचा पगार मिळायचा? चिखलात हात घालायचा?"

"मिळायचा की. वर चहासुद्धा मिळायचा," मॅडम म्हणाल्या. "अरे, कुठं पूल बांधायचा असला, धक्का बांधायचा असला, की आधी कुणीतरी सांगावं लागतं, खाली कोण राहतंय ते. ते सांगणारी माणसं लागतात. माझ्याकडे येणारी एक मुलगी आज वनखात्यात पक्षी मोजते. एकजण मासळीच्या रोगांवर काम करतो, कोळी त्याला फोन करून बोलावतात."

त्या दिवशी घरी जाताना मनस्वी वाटभर पिशवीतल्या पिशवीत माझ्या कड्यावर बोटं वाजवत होती. मी ओळखलं, पोरीच्या डोक्यात काहीतरी शिरलंय.

त्यानंतर माझा रविवार ठरूनच गेला. घरी तिनं 'सायन्सचा क्लास' एवढंच सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. परत आल्यावर ती मला अंगाच्या साबणानं आणि जुन्या टूथब्रशनं घासूनपुसून फडक्यात गुंडाळायची आणि माळ्यावर ठेवायची. घरात आजी ते फडकं वर्षातून एकदा हळदीला सोडते, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. वरची जाळी ती लख्ख करायची. खालची दुमड मात्र कुणाला दिसते? तिच्यात एक बारका शंख जाऊन बसला. मला गुदगुल्या व्हायच्या, पण सांगणार कशी?

तेवढ्यात शिरढोणहून बोलावणं आलं. हौसाचा भाऊ आनंदा, त्याच्या मुलाची, भावेशची हळद. हौसा मला काखेत मारून माहेरी निघाली. मांडवाच्या मागे बायकांच्या घोळक्यात बसून तिनं फडकं सोडलं आणि नाक माझ्याजवळ आणलं.

"हिला साबणाचा वास कसला येतो गो?"

"मीच मागे माळा पुसला होता आई, तेव्हा लागला असेल," रोशनी म्हणाली. मनस्वी पलीकडे लसूण सोलत होती, तिचे हात थांबले. पण हौसानं मनावर घेतलं नाही. चाळायला बसली. तेच मनगट, तोच झोका, बांगडी मुकी. शेवटी कड्यावर थाप. त्या थापेसरशी माझ्या दुमडीतून काहीतरी सुटलं आणि पांढऱ्याशुभ्र पिठात गडप झालं. मी ओरडून ओरडून थकले.

दुपारी पंगत बसली. पहिल्या पाटावर जावई, जासईचे कमलाकर. आनंदाची थोरली लेक त्यांच्याकडे दिलेली. माणूस भारी थट्टेखोर, पण जावई तो जावई. त्यांनी वड्याचा घास घेतला आणि कट्ट! सगळ्या पंगतीला ऐकू गेलं.

"आत्या!" कमलाकरांनी गालावर हात धरला आणि दुसऱ्या हातानं तोंडातून काहीतरी काढलं. "आत्या, म्हैस काढा! खडा निघाला!"

मांडव हसून हसून लोळला. पण त्या हसण्याखालून एक म्हातारी कुजबुजलेली मी ऐकली, "हौसाचा हात गेला गो आता."

हौसा उठली. जावयाच्या तळव्यावरून तो खडा उचलून तिनं अंगठा आणि बोटात फिरवला. जन्मभर तांदूळ निवडलेली बोटं ती. खडा गुळगुळीत असतो नाहीतर टोकदार असतो, त्याला वळ्या नसतात. तिनं भिंतीला टेकवलेल्या माझ्याकडे बघितलं. मग मनस्वीकडे. पोरीचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं.

"खडाच हाय," हौसा म्हणाली. "डोळं गेलं माझं जावई. माझीच चूक. मटण घ्या अजून थोडं." आणि तो खडा तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

सांगते तुम्हाला, माझ्या जाळीला भोकं आहेत म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी मी रडून भरून गेले असते. जिनं आयुष्यभर एका नावावर मान ताठ ठेवली, तिनं ते नाव नातीसाठी भर पंगतीत खाली ठेवलं. आणि नातीला चारचौघांत एका शब्दानं विचारलं नाही.

विचारलं ते दुसऱ्या दिवशी, घरच्या गॅलरीत. "बस हितं," म्हणाली आणि पदराची गाठ सोडली. "ह्यो खडा कुठला?"

मनस्वीनं सगळं सांगितलं. खाडी, मॅडम, चिखल, चाळण. रडत रडत म्हणाली, "आजी, मला वाटलं ती कुणी वापरतच नाही." नेमका तेव्हाच परेश आत आला आणि त्यानं शेवटचं ऐकलं.

"म्हणजे सायन्सचा क्लास म्हणून तू चिखलात जातेस?" तो तडकला. "आणि त्याच चाळणीनं आईची लोकांत शोभा झाली? बंद! उद्यापास्नं खाडीचं तोंड बघायचं नाय."

"पप्पा, मला मोठी झाल्यावर तेच करायचंय."

"काय? चिखल चाळायचाय?"

"हो."

"गाड्या भरून रेती उपसली मी, का, तर पोरगी एसीत बसून नोकरी करंल! आणि तू चिखलात उतरायला निघाली! चिखल चाळून कुणाचं पोट भरलंय?"

झालं. मनस्वीचे रविवार गेले. आणि माझेही. मी परत कुकरच्या शेजारी. पण माळ्याचं दार नीट लागत नसे, त्या फटीतून मला गॅलरी दिसायची. ओहोटीच्या वेळेला मनस्वी तिथं जाऊन उभी राहायची, लांब खाडीचा काळा पट्टा उघडा पडलेला बघायची आणि परत पुस्तकात तोंड घालायची. कुणाशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. हौसा भाजी निवडता निवडता तिच्याकडे बघत राहायची.

एका रविवारी मात्र हौसानं पदराची गाठ पुन्हा सोडली. तो शंख अजून तिथंच होता. "काय गो, ह्याचं नाव काय?"

"माहीत नाही आजी. मॅडमना दाखवायला लागेल."

"नाव माहीत नाय त्या माणसाला मी दारात उभा करत नाय. ह्यो तर माझ्या पिठात येऊन बसला. चल, विचारून येऊ."

परेश पेपर वाचत होता. "आई, मी नाय म्हटलंय ना?"

"चाळण माझी, पीठ माझं, शोभा झाली ती माझी," हौसा म्हणाली. "तुझं काय गेलं रे? तू मधी बोलू नको. उतरव ती चाळण."

परेशनं स्वतःच्या हातानं मला उतरवलं. तोंड फुगवून, पण उतरवलं. कुकरचा निरोपसुद्धा न घेता मी निघाले.

खाडीवर रिवका मॅडम आम्हाला बघून चिखल तुडवत पुढे आल्या. सगळं ऐकल्यावर त्या ओशाळल्या. "मावशी, चूक माझी आहे. मुलांना म्हणायला हवं होतं, घरात विचारून आणा."

"ते राहू द्या बाई. आधी ह्याचं नाव सांगा."

मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ शंख उलटसुलट केला. मग म्हणाल्या, "मावशी, अंदाजानं सांगू शकते, पण खात्रीनं नाही. हा तेलात तळलाय आणि ह्याचं तोंड तुमच्या जावयांनी मोडलंय. जिवंत सापडला तर सांगेन."

हौसाला हे फार आवडलं. माझ्या कानाशी पुटपुटली, "ठावकं नसताना ठोकून दिलं नाय. बाई खरी हाय." मग मला मनस्वीच्या हातात देऊन म्हणाली, "जा. शोध." आणि बांधावर टेकली.

मनस्वी चिखलात उतरली. गोळा उचलला, जाळीवर ठेवला, मला पाण्यात धरलं. डावा हात खालून, उजव्याचा तळवा कडेला, आणि नुसत्या मनगटातून झोका. खांदा जागचा हलला नाही. तिच्या हातात मैत्रिणींनी दिलेली काचेच्या मण्यांची कडी होती, चांगली तीन-चार. एकही वाजलं नाही.

मला तर पहिल्या रविवारीच कळलं होतं. हात ओळखायला चाळणीला शिकवावं लागत नाही. पण हौसा ते पहिल्यांदा बघत होती. ती बांधावरून उठली आणि नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून सरळ चिखलात आली.

"कुणी शिकवला तुला ह्यो हात?"

"कुणी नाही. असंच येतं," मनस्वी गोंधळून म्हणाली. "का? चुकतंय का?"

हौसानं डोळ्यांना पदर लावला. रोशनीला पिठाची पिशवी आवडते, पुतण्यांच्या बायकांना वडे विकत आणायला आवडतात, आपला हात आपल्याबरोबरच जाणार, असं ती किती वर्षं मनाशी म्हणत होती ते मला ठाऊक आहे. तो हात इथं गुडघाभर चिखलात येऊन बसला होता.

"आजी! सापडला!"

माझ्या जाळीवर तांदळाच्या कणीएवढा शंख होता, आणि तो चालत होता. मॅडमनी भिंग हौसाच्या डोळ्यांवर धरलं. आणि हौसा पोरीसारखी खिदळली. "अगो, शिंगं हायत ह्याला! दोन दोन! आणि बघतोय कसा माझ्याकडं!"

मॅडमनी त्याचं नाव सांगितलं. चांगलं लांबलचक होतं. मनस्वीनं तिथल्या तिथे पाठ केलं. माझ्यात ते काही टिकलं नाही, शेवटी मी चाळणच.

परत निघताना हौसानं मॅडमना सरळच विचारलं, "बाई, ह्या कामात पोरगी पोट भरंल का?"

"भरेल. बंगले बांधेल असं मी सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "अभ्यास खूप करायला लागेल आणि उन्हात उभं राहायला लागेल."

"उनात उभं राहायचं आमाला कुणी शिकवायला नको," हौसा म्हणाली. मग मला मनस्वीच्या पिशवीत ठेवलं. "चिखलात गेलेली चाळण आमच्यात पिठाला परत घेत नाय. आता ही तुझी."

एवढं झालं तरी परेश घुम्यासारखा. परीक्षेपर्यंत जा, मग बघू, एवढंच बोलला. 'मग बघू' म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मनस्वी जायची, पण प्रत्येक रविवार शेवटचा असल्यासारखी.

आणि मग जासईहून बोलावणं आलं. कमलाकरांच्या धाकट्या भावाची हळद. जेवायचं बोलावणं आलं, पिठाचं नाही. हौसा नवीन लुगडं नेसली, पण गाडीत बसताना तिचे रिकामे हात मांडीवर कसेतरीच पडले होते. रविवार होता. परेशनं खाडीवरून मनस्वीला उचललं आणि मी चिखलाच्या बादलीसकट डिकीत.

मांडवात पोचल्याबरोबर कमलाकरांनी हाक दिली, "या आत्या, या! आज वड्यांत खडे कमी हायत, तुमी चाळायला नव्हता ना! आणि माझी म्हैस कवा पोचवताय?"

सगळे हसले. परेशची मान खाली गेली. हौसा मात्र हसली नाही की रागावली नाही. "मनस्वी, गाडीतली चाळण आण," म्हणाली.

मनस्वीनं मला आणलं. कडेला ओला चिखल, जाळीत तिवराचं पान. हौसानं मला भर मांडवात उंच धरलं.

"बघा, ओळखता का? हौसाची चाळण. जावई, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुमच्या दाताखाली आला तो खडा नव्हता. माझ्या पिठात खडा कधी निघाला नाय आणि निघायचा नाय! तो शंख होता. खाडीतला. माझी नात शोधते ते. खाडीत कोण कोण राहतं ते लिहून ठेवायचं काम शिकते ती, आणि हात बघाल तिचा तर माझा इसरून जाल. दाव गो त्यांना."

मनस्वीचे कान लाल झाले. पण तिनं खिशातून भिंग आणि काचेची बारकी बाटली काढली. त्यात तोच शंख होता, तळलेला, तोंड मोडलेला. पहिल्यांदा कमलाकरांनी बघितलं. मग त्यांच्या आईनं. मग हळद लावायची सोडून बायकांची रांग लागली. नवरदेव पिवळा होऊन एकटाच बसला. ह्याला पाय असतात का, हा खातो काय, हा आमच्या जासईच्या खाडीत पण हाय का, प्रश्नांवर प्रश्न. मनस्वीनं जे माहीत होतं ते सांगितलं, आणि जे नव्हतं तिथं "ते अजून बघायला लागेल" म्हणाली. अगदी मॅडमसारखी.

"म्हंजे माझी म्हैस बुडाली!" कमलाकरांनी कपाळावर हात मारला. "पण एवढा घर बांधून राहणारा जीव मी चावला व्हय? शिव शिव! आत्या, माफी असावी."

तेवढ्यात मागून कमलाकरांची आई म्हणाली, "हौसा, रातच्या वड्यांचं पीठ अजून चाळायचं हाय. बसतेस?"

हौसाच्या तोंडावर जे पसरलं ते मी जन्मात विसरायची नाही. पदर खोचून ती उठली. मी सवयीनं तयार झाले. पण तिनं मला मनस्वीच्या हातात परत दिलं.

"बसते की. पण चाळण तुमची द्या," ती म्हणाली. "माझी आता नोकरीला लागलीय."

घरी येताना टोल नाक्याच्या अलीकडे परेश आरशात बघून म्हणाला, "पुढच्या रविवारी ओहोटी किती वाजता हाय गो?"

"का पप्पा?"

"सोडायला यायचं तर उठायला लागेल ना."

मागच्या सीटवर मनस्वीनं आजीचा हात घट्ट धरला. डिकीत मी त्या चिखलाच्या बादलीवर आदळत आपटत होते, पण तक्रार कसली करता?

आता मी गॅलरीत खिळ्यावर असते, मनस्वीच्या बुटांच्या वर. कडं एका बाजूला चेपलंय, जाळी काळवंडलीय, 'हौसा'मधलं पहिलं अक्षर घासून पुसट झालंय. मनस्वी मागे लागली होती, शेजारी तिचंही नाव घालून घेऊ म्हणून. हौसा म्हणाली, "आधी काम कर, मग नाव घाल." मला तर घाई नाही. ठक ठक सोसायची माझी तयारी आहे.

एक मात्र मागणं आहे तुमच्याकडे. तुमच्याही माळ्यावर फडक्यात गुंडाळलेलं कुणीतरी असेल. एखाद्या सकाळी तुमची पोरं ते मागायला आली, चिखलात न्यायचं म्हणाली, तर डोळे वटारू नका. देऊन टाका. आम्हाला कामाची लाज नाही, आणि पोरांच्या पायाचा चिखल धुतला की जातो. फक्त परत आल्यावर खालची दुमड तेवढी नीट झाडून घ्या, घरी जावई यायचे असतील तर.